पिल्लाच्या पोटात आधी कोण शिरलं?

नमस्कार मंडळी. आजचा विषय प्रीबायोटिक, म्हणजे कोंबडीच्या खाद्यात मिसळतात ते. प्रोबायोटिक नाही हां, प्रीबायोटिक. प्रो म्हणजे जिवंत बॅक्टेरिया आणि प्री म्हणजे त्या बॅक्टेरियाचं खाणं. गिब्सन आणि रोबरफ्रॉइड या दोघांनी १९९५ साली हा शब्द आणला, आणि आणताना रेडिओवर बोलणाऱ्याचा काही विचार केलेला दिसत नाही, कारण ऐकताना दोन्ही सारखंच. म्हणून परत सांगतो, प्रो म्हणजे बॅक्टेरिया, प्री म्हणजे त्यांचं खाणं.

आता आधी फिनलंडचा किस्सा. माझा लाडका आहे, ज्यांनी माझ्या तोंडून आधी ऐकलाय त्यांनी तेवढ्यात शेडवर एक चक्कर मारून या.

साल १९७१. फिनलंडमध्ये ब्रॉयलर कोंबड्यांत साल्मोनेला हा रोगजंतू पसरला, साल्मोनेला इन्फॅन्टिस नावाचा प्रकार, आणि आला कुठून, तर खाद्याच्या कच्च्या मालातून. तिथे एस्को नुर्मी नावाचे संशोधक होते आणि त्यांच्याबरोबर रांताला. त्यांना एक गोष्ट खटकत होती, की मोठ्या कोंबडीत हा जंतू सहजासहजी रुजत नाही आणि एक-दोन दिवसांच्या पिल्लाला मात्र अगदी थोडे जंतू पुरतात. असं का? तर मोठ्या कोंबडीचं आतडं आधीच बॅक्टेरियांनी गच्च भरलेलं, नवीन आलेल्याला उभं राहायला जागा नाही. पिल्लाचं आतडं जवळजवळ रिकामं. बघा ना, खुडूक कोंबडीखालचं पिल्लू आईच्या मागे फिरतं, तिच्या विष्ठेत चोच मारतं, आणि आईच्या पोटातली सगळी वस्ती दोन दिवसांत त्याच्या पोटात हजर. मशीनमधल्या पिल्लाला आईच नाही. ट्रे स्वच्छ, खोली स्वच्छ, पोट रिकामं. मग आधी जो शिरेल तो मालक.

तर या दोघांनी काय केलं, निरोगी मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातला माल काढला, पातळ केला आणि पिल्लांना पाजला. हो, पाजला! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली, परत वाचलं, तेच. नंतर त्या पिल्लांना मुद्दाम साल्मोनेला दिला. ज्यांना पाजलेलं होतं त्यातल्या बहुतेकांत तो रुजलाच नाही, आणि ज्यांना पाजलं नव्हतं त्यांच्यात मजेत रुजला. १९७३ साली नेचर मासिकात हे छापून आलं आणि आजही याला नुर्मी कन्सेप्ट म्हणतात.

मला तर वाटतं ते जंतूंचा सफाया करणाऱ्या जाहिराती बनवतात ना, त्यांना हा किस्सा पाठ करायला लावला पाहिजे. सगळे मारून टाकायचे, मग मोकळ्या जागेत कोण येणार त्याचा पत्ता नाही. आणि शेडमध्ये बाहेरच्याच चपला घालून फिरणारे पाहुणे हा तर वेगळा विषय आहे, त्यावर बोललो तर आजचा सगळा वेळ जाईल.

हां, तर प्रीबायोटिक. दोन प्रकार लक्षात ठेवा, दोनच. पहिला एमओएस, म्हणजे मॅनन ऑलिगोसॅकराइड, हा यीस्टच्या पेशीच्या सालीतून काढतात. साल्मोनेला आणि ई-कोलाय यांच्या बऱ्याच जातींच्या अंगावर बारीक धागे असतात, त्या धाग्यांनी ते आतड्याच्या भिंतीवरची मॅनोज नावाची साखर पकडून बसतात. एमओएसमध्ये तीच साखर, म्हणजे जंतू भिंत समजून भलत्यालाच मिठी मारतो आणि विष्ठेबरोबर बाहेर. दुसरा प्रकार एफओएस, म्हणजे फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड, आणि इन्युलिन, इन्युलिन चिकोरीच्या मुळातून निघतं. हे कोंबडीला पचतच नाही, आणि तीच तर गंमत आहे, कारण ते न पचता मागे आंधळ्या आतड्यांपर्यंत जातं, कोंबडीला ती दोन असतात, आणि तिथे लॅक्टोबॅसिलस, बायफिडो वगैरे चांगली मंडळी त्यावर जेवतात आणि आम्ल तयार करतात. आम्ल वाढलं की साल्मोनेलाचं जमत नाही. त्यातलं ब्युटिरेट आतड्याच्या भिंतीतल्या पेशींनाही खायला मिळतं.

युरोपियन युनियनने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी खाद्यातून अँटिबायोटिक देणं बंद केलं, तेव्हापासून याचा बोलबाला वाढला. पण हे औषध नाही. परत सांगतो, औषध नाही. पिल्लं आजारी पडली तर डॉक्टरच बोलवायचा, आणि पाणी प्यायचं निपल घाण, शेडमध्ये अंथरलेलं तूस ओलं असेल तर कुठलीही पावडर उपयोगाची नाही.

एक सोय आहे, खाद्याच्या गोळ्या, म्हणजे पेलेट, करताना वाफेने खाद्य गरम होतं त्यात जिवंत बॅक्टेरिया मरायची भीती असते, प्रीबायोटिकला ती काळजी नाही, ते जिवंतच नसतं. डोस? एमओएस टनाला साधारण अर्धा ते दोन किलोच्या आसपास, पण प्रत्येक माल वेगळा, पाकिटावरचं वाचा आणि काट्यावर मोजा, ओंजळीने नको. एफओएस, इन्युलिन जास्त झालं तर पोटात गॅस, पातळ विष्ठा आणि खाली तूस भिजणार. आणि सुरुवात पहिल्या दिवसापासून, विसाव्या दिवशी आठवण झाली तर तोवर पोटातली जागा कुणी ना कुणी धरलेली असते.

काचेपलीकडून हात दाखवतायत, वेळ झाली म्हणे. चपलांचं पुढच्या वेळी नक्की.