नाट्यगृहाचा जमाखर्च

(कोल्हापुरातील एका ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय : ‘कलेसाठी गावाने दिलेला पैसा, शहराचा व्यापार आणि शाळा’. विषय मीच सुचवला होता. निवृत्त चित्रकला शिक्षकाला व्याख्यानाला बोलावलंत, तर तो दुसरं काय सुचवणार! पण व्यापार आणि शाळा यांकडे वळण्याआधी मला एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचं सगळं कोरडं वाटेल.

कुठल्याही नगरपालिकेचं किंवा महापालिकेचं अंदाजपत्रक उघडा. नाट्यगृहासमोर जमेला भाडं असतं. खर्चाला वीज, पाणी, सफाई, डागडुजी, पगार. वजाबाकी केली की तूट. मग सभेत कोणीतरी उठून म्हणतं, हा पांढरा हत्ती आपण किती दिवस पोसायचा? मला याचा फार त्रास होतो. वजाबाकी बरोबरच असते. पण नाट्यगृहानं गावाला जे दिलं ते त्या पानावर कधी येतच नाही. ते दुसऱ्यांच्या वह्यांत असतं.

आता गोष्ट. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोमचं प्राचीन क्रीडागार पाहिलं. त्यातून आपलं कुस्तीचं खासबाग मैदान आलं, १९१२ साली. त्याला लागूनच १९१३ मध्ये पॅलेस थिएटरचं काम सुरू झालं आणि १९१५ मध्ये ते पूर्ण झालं. तेच आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. मध्ये एकही खांब नव्हता. कुठल्याही खुर्चीवरून रंगमंच सरळ दिसायचा. ते संस्थान काही सोन्याच्या खाणींवर बसलेलं नव्हतं. त्याच काळात राधानगरीच्या धरणाचं काम चाललं होतं, वसतिगृहं निघत होती आणि १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. धरण आधी की नाटक आधी, असा वाद त्या दरबारात झाला असेलही. पण महाराजांनी दोन्ही केलं.

नाटक म्हटलं की पडदे आले. आजच्या मुलांना पडदा म्हणजे दोरी ओढली की सरकणारं मखमली कापड वाटतं. त्या वेळी पडदा रंगवायचे. राजवाडा, अरण्य, नदीकाठ, रस्ता. पंचवीस-तीस फुटांच्या कापडावर खांबांची रांग अशी काढायची की मागच्या रांगेतल्या माणसाला वाटावं, आत चालत जाता येईल. हे काम आपल्या गावात कोण करत होतं? आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री, दोघे चुलतभाऊ. घराणं कारागिरांचं, हाताला लाकूड, धातू, रंग सगळ्याची सवय. पडदे इतके गाजले की लोक आडनाव विसरले आणि ‘पेंटर’च म्हणू लागले. मोठमोठ्या नाटक मंडळ्या त्यांच्याकडून पडदे करून घेत. ज्यांचं नाव आज नाट्यगृहाला आहे, त्या गायक-नट केशवराव भोसल्यांची ‘ललितकलादर्श’ त्यातलीच.

या दोघांना सिनेमाचं वेड लागलं. कॅमेरा मिळेना. मग ठरवलं, आपणच करू! १९१६ साली आनंदराव गेले. अर्धवट राहिलेलं स्वप्न बाबूरावांनी सोडलं नाही. एकेक भाग हातानं घडवत त्यांनी १९१८ मध्ये कॅमेरा उभा केला. कोल्हापुरात, शंभर वर्षांपूर्वी! मला हे सांगताना अजूनही अंगावर काटा येतो. सोबत विष्णुपंत दामले होते. दामले आणि फत्तेलाल, दोघेही याच पडद्यांच्या रंगकामात तयार झालेले. कंपनी काढायला पैसा हवा होता, तो दिला एका गायिकेनं, तानीबाई कागलकरांनी. नाव लक्षात ठेवा. कोल्हापूरच्या चित्रपटाचा इतिहास सांगताना सगळ्यांची नावं येतात, या बाईंचं नाव शेवटी कुठेतरी येतं किंवा येतच नाही. गाण्यानं मिळवलेला पैसा त्यांनी सिनेमात घातला. शाहू महाराजांनी जागेची आणि विजेच्या जनित्राची सोय करून दिली. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ आला. लोकमान्यांनी बाबूरावांना ‘सिनेमाकेसरी’ म्हटलं.

(इथे टाळ्या.) या टाळ्या तानीबाईंसाठी आहेत असं मी धरतो.

पुढचं आपल्याला ठाऊक आहे. याच कंपनीत शांताराम वणकुद्रे नावाचा तरुण घडला. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर यांनी सराफ सीतारामपंत कुलकर्णी यांना बरोबर घेऊन इथेच ‘प्रभात’ काढली. बघा, गुजरीतला, म्हणजे आपल्या सराफ बाजारातला पैसा सिनेमात आला. ‘अयोध्येचा राजा’, मराठीतला पहिला बोलपट, १९३२ चा, तोही कोल्हापूरचा. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. दामले-फत्तेलालांच्या ‘संत तुकाराम’ची व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणणी झाली ती पुण्याहून. आणि १९६० साली त्याच प्रभातच्या आवारात देशाची चित्रपट शिक्षणसंस्था सुरू झाली. आज देशभरातून मुलं तिथे शिकायला येतात.

हिशेब कसा मांडायचा सांगा. एका संस्थानिकानं नाटकाला आश्रय दिला. त्यातून पडदे रंगवणाऱ्याला काम मिळालं. त्या कामातून हात तयार झाले, त्या हातांनी कॅमेरा घडवला, कॅमेऱ्यामागे सुतार, शिंपी, रंगारी, वादक, नट अशी सगळी रोजगाराची रांग लागली आणि तिच्या टोकाला एक शाळा आली. पॅलेस थिएटरच्या वहीत यातला एक आणा तरी जमा झाला असेल का? नसणारच. तिथे तूटच दिसली असेल.

आणि हेही सांगितलं पाहिजे की प्रभात गेली तेव्हा कोल्हापूर गप्प बसलं नाही. शाहू महाराजांचे पुत्र राजाराम महाराजांनी त्याच वर्षी कोल्हापूर सिनेटोन काढली. पुढे भालजी पेंढारकरांनी तीच वास्तू घेऊन जयप्रभा स्टुडिओ केला. म्हणजे कारागीर गावात राहावेत म्हणून पैसा घालावा लागतो, हे त्या पिढीला कळत होतं.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. त्याबद्दल मी जास्त बोलू शकणार नाही, तुम्ही सगळ्यांनी ते पाहिलंय. एवढंच म्हणतो : प्रयोग बंद झाले तेव्हा फक्त नटांचं काम गेलं का? ध्वनिव्यवस्थेवाला, प्रकाशयोजनेचा पोऱ्या, मेकअपवाले, फलक रंगवणारा, बाहेरगावच्या मंडळींना खोली देणारा लॉजवाला, रात्री साडेबाराला रिक्षा लावून उभा राहणारा, खासबागेतला भेळवाला, या सगळ्यांच्या रात्री रिकाम्या झाल्या. प्रयोगाला आलेलं कुटुंब तिकिटावर थांबत नाही. मुलं भेळ मागतात, आजीला चालवत नाही म्हणून रिक्षा होते. यातला काही कर फिरून सरकारी तिजोरीतच जातो. अंदाजपत्रकात मात्र त्याचा मागमूस नाही.

सचिवांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं उरलीत आणि शाळा तर अजून यायचीच आहे. आता पटापट सांगतो.

आयुष्यभर मी एकच गोष्ट पाहिली. परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला जातो. गणिताच्या शिक्षकांवर माझा राग नाही, त्यांच्यावरही दबाव असतो. पण मूळ व्यवस्थाच तशी आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कला, आरोग्य आणि कार्यशिक्षणाचे अंशकालीन निदेशक सांगितलेत, तेही पट शंभरच्या वर असेल तर. वाडीवरच्या शाळेत शंभर मुलं कुठून आणायची? म्हणजे ज्या मुलाला घरी रंगपेटी मिळत नाही, त्यालाच शाळेतही कलाशिक्षक नाही. मग चित्रकलेच्या इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेतून दहावीला तीन, पाच, सात गुण वाढतात, ते कोणाला मिळतात? ज्याच्या शाळेत शिक्षक आहे, त्याला.

पालक विचारतात, चित्र काढून पोट भरतं का? आपल्याच जिल्ह्यात फिरा. हुपरीला चांदीचा दागिना आधी कागदावर येतो. गुजरीत नक्षी काढणाऱ्याला मान आहे. कुंभार गल्लीत मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा माणूस सिझनला शोधून सापडत नाही. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे, तिची वेणी आणि ठसे कोणीतरी आखतोच ना? आणि शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात जा. तिथला पॅटर्नमेकर, म्हणजे साच्यासाठी नमुना घडवणारा कारागीर, सपाट कागदावरचं चित्र बघून डोक्यात घन वस्तू उभी करतो. ते शिकायची पहिली जागा चित्रकलेचा तास आहे. मी शिकवलेली कितीतरी मुलं या धंद्यांत आहेत. चित्रकार म्हणून त्यांचं नाव कुठे छापून येणार नाही, पण त्यांची घरं त्या हातावर चालतात.

नाटकाचंही तसंच. सातवीतला न बोलणारा मुलगा बालनाट्यात चार वाक्यं बोलतो आणि पुढच्या आठवड्यात वर्गात हात वर करतो. हे मी पुन:पुन्हा पाहिलंय. कुठलाही शिक्षक सांगेल.

मागणी साधी आहे. नाट्यगृह चालू असेल तेव्हा त्याचे आठवड्यातले दिवसाचे रिकामे तास महापालिकेच्या शाळांना बिनभाड्याचे द्या. दिवे तिथे असतात, खुर्च्या तिथे असतात, सकाळी अकराला कोणी नाटक लावत नाही. गावातल्या नेपथ्यकाराला, शाहिराला, मूर्तिकाराला तासाचं रीतसर मानधन देऊन शाळेत बोलवा आणि त्यासाठी शिक्षणाच्या खर्चात वेगळी, दुसरीकडे न वळवता येणारी तरतूद ठेवा. ज्या शाळांचा पट शंभरच्या आत आहे, त्यांना पहिला हक्क. आणि नाट्यगृहाच्या हिशेबाला एक पुरवणी पान जोडा : वर्षात किती प्रयोग झाले, किती स्थानिक माणसांना मोबदला मिळाला, किती शाळा येऊन गेल्या. त्या पानावर आकडे दिसू लागले की तुटीची चर्चा वेगळी होईल याची मला खात्री आहे.

उद्योजकांनाही सांगणं आहे. सीतारामपंत सराफ होते, नट नव्हते. आजच्या गुजरीनं आणि शिरोलीनं एकेक शाळा कलेसाठी दत्तक घेतली तर कारागीर मिळत नाहीत ही त्यांचीच तक्रार काही वर्षांत कमी होईल.

या मागण्यांचं निवेदन तयार केलंय, बाहेर टेबलावर ठेवलंय. पालकांनी आपल्या मुलाच्या शाळेचं नाव आणि तिथे कलाशिक्षक आहे की नाही एवढं लिहून सही करावी. पुढच्या महिन्यात अंदाजपत्रकाची सभा आहे, त्याआधी ते आयुक्तांच्या हातात गेलं पाहिजे.