गाण्यातला मार आणि हरवलेला कर्ता

नमस्कार. विषय तुम्ही पत्रिकेत वाचलाच आहे: घरातल्या मारहाणीची गाण्यातून दिलेली कबुली. मी बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, तेव्हा शेवटी व्याकरणावर येणार हे नक्की. पण आधी एक भोंडला सांगते, कारण हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो तिथून.

इथे ठाण्यात, पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीत दर नवरात्रात भोंडला होतो. पाटावर हत्ती, भोवती फेर, वरच्या मजल्यांवरच्या मुली ढकलत खाली आणलेल्या. मागच्या वर्षी नणंदा-भावजयांचं गाणं सुरू झालं. तुम्हाला पाठच असेल. शिंक्यातलं लोणी कुणी खाल्लं, तर वहिनीनं. मग नणंद दादाच्या मांडीवर बसून चुगली करते, दादा तुझी बायको चोरटी. पाठभेद पुष्कळ आहेत, आमच्या फेरात दादा म्हणतो, ‘असेल माझी गोरटी’. आणि लगेच, ‘घे काठी, लगाव पाठी, घराघराची लक्ष्मी मोठी!’ टाळ्या, आणि पुढचं गाणं.

तर त्या दिवशी सात-आठ वर्षांची एक मुलगी फेर सोडून थांबली आणि मला म्हणाली, ‘आज्जी, मग दादानं मारलं का?’

बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, ‘अगं, गाणं आहे ते.’ तेवढ्यात खिरापतीचा डबा हलवायला घेतला, सगळ्या ओळखायला लागल्या आणि प्रश्न तिथंच राहिला. मी मात्र घरी येऊन ते गाणं कागदावर उतरवून काढलं. खरंच, त्यात उत्तर नाही. चोरी कुणी केली ते आहे, चुगली कुणी केली ते आहे. ‘घे’ आणि ‘लगाव’ ही आज्ञा आहे. काठी कुणी घेतली, पाठीत बसली का, यावर गाणं एक शब्द बोलत नाही. दादा ‘गोरटी’ म्हणून जो गप्प झाला तो झालाच. आणि हे गाणं आपण चिमुरड्या मुलींकडून म्हणवून घेतो, पिढ्यान् पिढ्या. मी स्वतः म्हटलंय, शिकवलंय. मला त्याचा त्रास होतो.

आता माझं लहानपण इथलंच, नौपाड्यातलं. टॉवर आहे आता तिथे, तेव्हा चाळ होती. दोन खोल्यांची बिऱ्हाडं, मध्ये लाकडी फळ्यांची भिंत. आमच्या शेजारच्या काकांकडे चाळीतला सगळ्यात चांगला रेडिओ होता. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची आणि आम्ही पोरं त्यांच्या उंबऱ्यावर जाऊन बसायचो. काकू वाटीतून शेंगदाणे द्यायच्या. काका माणूस म्हणून फार प्रेमळ. गाण्याचा शौक असा की पायदानावर कुठलं गाणं चढलं, कुठलं उतरलं, ते वहीत लिहून ठेवत. मला पाढे त्यांनी शिकवले.

आणि एखाद्या वारी, भलत्याच वेळी, दुपारी नाहीतर रात्री दहाला, तो रेडिओ एकदम मोठा व्हायचा. बातम्या असोत, भजन असो, काहीही. लहान होतो तरी आम्हाला कळायचं. चाळीतली बोलणी बंद व्हायची. आमच्या दाराची कडी लागायची. थोड्या वेळानं रेडिओ पुन्हा हळू व्हायचा, कडी निघायची. दुसऱ्या दिवशी काकू नळावर यायच्या, कोपरापर्यंत पदर ओढून. चाळीत म्हणत, ‘काल तिला मार बसला.’ मारणाऱ्याचं नाव त्या वाक्यात कधी आलं नाही. आजही मोठ्या आवाजात लागलेलं गाणं कानावर आलं, गणपतीत, लग्नात, की माझं लक्ष आधी सुरांकडे जात नाही.

म्हणून मी गाणी शोधायला लागले. सोसलेल्या बाईची गाणी आपल्याकडे अलोट आहेत. संत बहिणाबाई, तुकोबांची शिष्या, १६२८ सालचा जन्म. आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत त्यांनी नवऱ्यानं मारल्याचं, बांधून घातल्याचं स्वतः सांगितलंय, आणि तेव्हा त्या अकरा-बारा वर्षांच्या. जात्यावरच्या ओव्या घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या संशोधकांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. सासुरवास, जाच, दळता दळता बोललेला. या ओव्यांवर एक अख्खं व्याख्यान होईल, आणि मला ते करायचंय...

चिठ्ठी आली. सात मिनिटं. ठीक, ज्यासाठी बोलावलंत ते आता भरभर सांगते.

बाईचं सांगणं ही साक्ष. कबुली मारणाऱ्यानं द्यायची असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१च्या, लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या शंभरातल्या २९ बायकांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. हा आकडा बायकांना विचारून मिळतो. तेवढे मारणारेही असणारच, ते कुठे गातात? माझ्या वहीत मारणाऱ्याच्या तोंडचं मराठी गाणं एकही नाही.

इंग्रजीतलं एक आहे. बीटल्स हा इंग्लंडमधला बँड, १९६७, ‘गेटिंग बेटर’. गाणं मुख्यतः पॉल मकार्टनीचं, चाल अगदी उत्साही. त्यात बँडमधल्याच जॉन लेननचा तुकडा येतो: मी माझ्या बाईशी क्रूर वागायचो, तिला मारायचो, तिला जे आवडतं त्यापासून तोडून ठेवायचो. १९८० सालच्या मुलाखतीत त्यानं सांगितलं की हे माझ्याबद्दलच आहे, मी मारणारा होतो; बायकांशी कसा वागलो ते चारचौघांत नीट बोलायला मला अजून बरंच म्हातारं व्हावं लागेल. त्याच डिसेंबरात त्याचा खून झाला, चाळीसाव्या वर्षी. लोक ते गाणं गुणगुणतात आणि तो तुकडा गिळून पुढे जातात, हे खरं. पण तो तिथे आहे, आणि त्यात ‘मी’ आहे.

आता आपलं व्याकरण. ‘रामाने रावणास मारले’, हे तुम्ही सगळे घोकलंय. भावे प्रयोग. क्रियापद कर्त्याकडे बघत नाही, कर्माकडेही बघत नाही, नपुंसकलिंगी एकवचनी आपलं आपण उभं. ‘मी तिला मारलं’ म्हणा, बोलणारा पुरुष आहे की बाई हे ‘मारलं’ सांगत नाही. त्याहून आडोशाचे शब्द आहेत: हात उठला, तोल गेला, मार बसला. पण ‘मी मारायचो’ म्हणून बघा. तिथे क्रियापद कर्त्याच्या मागे जातं. ‘मी’ बरोबरच्या ‘चो’ मध्ये पुरुष आहे, एकटा आहे, आणि रोजची सवय आहे. लेननची ओळ मराठीत आणायची तर ‘मारायचो’ शिवाय गत्यंतर नाही. ज्या गाण्यात हे रूप येईल त्याची मी वाट बघतेय.

शेवटचं, दोन मिनिटं द्या. पंधराएक वर्षांपूर्वी ते काका मला तलावपाळीवर भेटले. ऐंशीच्या जवळ आलेले. काकू जाऊन वर्ष झालं होतं. कट्ट्यावर बसलो. बोटी बघत बघत ते आपणहून म्हणाले, ‘तेव्हा माझा हात फार चालायचा गं.’

माझ्यातली मराठीची बाई जागी झाली. मी म्हटलं, ‘काका, हात चालायचा, की तुम्ही मारायचात?’

बराच वेळ बोलले नाहीत. मला वाटलं उठून जातील. मग म्हणाले, ‘मारायचो.’ आणि मला विचारलं, ‘तुमच्याकडे ऐकू यायचं?’

मी म्हटलं, ‘हो काका. रेडिओ मोठा झाला की आई मला खूण करायची. कडी मी घालायचे.’