भोवरा पडेपर्यंत

(पडदा काळा. बारीक, सलग घुमणारा आवाज. हळूहळू उजेड. कोब्याच्या जमिनीवर लाल-पिवळा भोवरा.)

हा आवाज जरा कान देऊन ऐका.

दोरीची जाळी सुटली, टोकाच्या खिळ्याची आर जमिनीला टेकली आणि भोवरा एका जागी उभा राहिला. इतका स्थिर, की फिरतोय हे डोळ्यांना कळतच नाही. कानांना तेवढं कळतं.

हा शॉट 47 सेकंदांचा आहे. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवरच्या आमच्या माहितीपटाच्या पहिल्या कटमध्ये, म्हणजे पहिल्या संकलनात, तो 4 सेकंदांचा होता. मधले 43 सेकंद कुठे गेले होते आणि परत कसे आले, ते सांगायचंय.

(सावंतवाडी, सकाळ. चितार आळीतली दुकानं उघडतायत.)

सावंतवाडीत मोती तलावाकडून बाजारात शिरलं की चितार आळी लागते. दुकानांच्या दारात लाकडी फळं टांगलेली: आंबे, काजूबोंडं, केळ्यांचा घड, सीताफळ. खाली भातुकली मांडलेली. चूल, जातं, पाटा-वरवंटा, पोळपाट-लाटणं, सगळं बोटभर. मागे पांगुळगाडे, बैलगाड्या, डुलणारे घोडे. कोकणातून घरी परतताना यातलं काहीतरी पिशवीत घेतलेलं असतं, असं घर महाराष्ट्रात शोधायला फार लांब जावं लागत नाही. माझ्या आईची भातुकलीही इथलीच.

आम्ही चौघं मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला होतो. प्रकल्प म्हणून माहितीपट करायचा होता. 6 दिवस शूटिंग केलं. हातात 9 तास 40 मिनिटांचं फुटेज आणि फिल्मला मर्यादा 14 मिनिटांची.

(वसतिगृहाची खोली. लॅपटॉप, हार्ड डिस्क, भिंतीवर चिकटवलेले रंगीत कागद.)

पहिले 3 दिवस आम्ही टाइमलाइनला, म्हणजे शॉट जोडायच्या कामाला, हात लावला नाही. सगळं फुटेज पाहिलं आणि मुलाखती शब्दन् शब्द वहीत उतरवल्या. पाठ मोडते, डोळे शिणतात, पण हे काम टाळू नये. कारण आमच्या फिल्ममधलं सगळ्यात मोलाचं वाक्य असंच सापडलं.

आम्ही ज्यांच्याकडे शूटिंग केलं त्यांना आम्ही काका म्हणायचो. मुलाखत संपली होती. मी त्यांच्या सदऱ्याचा माइक काढत होते, कॅमेरा जमिनीकडे वळलेला होता, आणि हातातला लाकडाचा तुकडा वर-खाली करत काका सहज बोलून गेले, "पांगारो हाताक कळता. हलको लागलो काय समजाचा, सुकलो."

चित्र काहीच नाही. फरशी आणि माझी चप्पल. आवाज मात्र स्वच्छ.

(पांगाऱ्याचं झाड. काटेरी फांद्या, लाल फुलं. मग कापलेला ओंडका.)

पांगारा तुम्ही पाहिला असेल. शिमग्याच्या आसपास पानं झडतात आणि काटेरी फांद्यांवर लालभडक फुलं येतात. कोकणात कुंपणाला लावतात. लाकूड हलकं आणि मऊ, पटाशी टेकवली की ढलपी निघते. लहान मुलाच्या हातात द्यायच्या वस्तूला असंच लाकूड हवं. काकांचं ते वाक्य आम्ही या ओंडक्यावर ठेवलं. बघणाऱ्याला वाटतं, हे ठरवूनच घेतलंय.

(राजवाडा. खिडकीतून येणारा उजेड. गोल पत्त्यावर ब्रश टेकतो.)

आता हा शॉट. हा आमच्या फिल्ममध्ये नाही.

सावंतवाडीच्या राजवाड्यात कलाकार आजही गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, हाताने रंगवतात. दशावतारी गंजिफेचे पत्ते 120. दहा अवतार, प्रत्येकाची 12 पानं, त्यात एक राजा, एक वजीर आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. ही कला विझत आली होती तेव्हा सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती राजवाड्यातच पुन्हा उभी केली. आम्ही तिथे अख्खी दुपार काढली. मत्स्यावताराच्या डोळ्यात काळा ठिपका भरला जातो तो क्लोजअप आमच्या सगळ्या फुटेजमध्ये सगळ्यात देखणा होता.

दोन आठवडे मी तो फिल्ममध्ये बसवायचा प्रयत्न केला. सुरुवातीला ठेवला, मध्ये ठेवला, शेवटी ठेवला. जिथे ठेवावा तिथे पुढची खेळणी गरीब दिसायला लागायची. राजवाड्यातली ती निगुतीची शांतता आणि आळीतला भुसा 14 मिनिटांत एकत्र नांदेनात. काढताना फार जीवावर आलं. पण आमची फिल्म आळीची होती, आणि गंजिफेला तिची स्वतःची फिल्म मिळायला हवी. कधीतरी ती करायचीच आहे.

(कारखाना. ट्यूबलाइटखाली लाकूड कातायचा लेथ. चित्रावर वरून खाली सरकणारे काळे पट्टे.)

हे पट्टे दिसतायत? ही चूक माझी. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे जुन्या पद्धतीची ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. शटर 50 किंवा 100 वर, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर, ठेवलं की चित्र शांत राहतं. मी पहिल्या दिवशी ते 60 वर ठेवलं होतं. लेथचे सगळे चांगले शॉट त्या दिवशीचे. पट्टे पुसायचे खूप प्रयत्न केले, रंग फिका पडला, लाकूड मेणासारखं दिसायला लागलं. शेवटी एक दिवस परत जाऊन लेथ पुन्हा शूट केला. काकांनी कुरकुर न करता तोच भोवरा पुन्हा कातून दाखवला.

त्या दुसऱ्या खेपेला एक गोष्ट शिकून गेलो होतो. कोणी बोलत नसताना कारखान्याचा नुसता आवाज 2 मिनिटं रेकॉर्ड करून आणला. पंखा, बाहेरची स्कूटर, कुठेतरी भांड्यांचा आवाज. संवादांचे तुकडे जोडताना मध्ये जी पोकळी ऐकू येते ती यानेच भरते.

(लेथवर भोवरा फिरतोय. लाखेची लाल कांडी टेकते.)

आणि हे पाहा. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरली की घर्षणाने लाख तापते, वितळते आणि लाकडावर रंगाचं कडं उमटतं. ब्रश नाही, वाळायला ठेवणं नाही. पहिल्या कटमध्ये यावर आम्ही सतारीचं संगीत टाकलं होतं. ते काढलं तेव्हा लाख लाकडाला लागतानाची बारीक चरचर पहिल्यांदा ऐकू आली. त्यानंतर फिल्ममधलं सगळंच संगीत काढलं.

(काळा पडदा. पांढरी अक्षरं येतात, जातात.)

पहिल्या कटची सुरुवात अशी होती. फेब्रुवारी 2020 मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 60 टक्के झालं, 2023 मध्ये 70. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, नोंदणी असलेल्या हस्तकला कारागिरांना त्यातून सूट मिळाली. एकूण 40 सेकंद नुसतं वाचन. माहिती महत्त्वाची आहे, आळीतल्या पोटापाण्याशी तिचा थेट संबंध आहे. पण ज्याने अजून एकही खेळणं पाहिलं नाही त्याने ती का वाचावी?

मग फुटेजमध्ये एक प्रसंग सापडला. दुकानात गिऱ्हाईक लाकडी घोडा उलटा करून विचारतं, "यावर शिक्का नाही का हो?" त्या घोड्याच्या पोटावर आम्ही दोन ओळी दिल्या. तिथे त्या लोक वाचतात.

(काकांच्या घरची ओटी. लॅपटॉपभोवती माणसं.)

कट पूर्ण झाल्यावर कॉलेजात दाखवण्याआधी काकांना दाखवायला गेलो. ज्यांच्यावर फिल्म आहे त्यांना ती पूर्ण व्हायच्या आत दाखवावी, हे आमचं आधीच ठरलं होतं.

काकांनी शांतपणे पाहिली. संपल्यावर म्हणाले, "बरी आसा." मग थोडं थांबून, "तुमचो भोवरो पडलोच नाय. मदीच कापलात कित्याक?"

मी म्हटलं, काका, लोक कंटाळतील. 4 सेकंद पुरेत.

त्यांनी आतून भोवरा आणला, जाळी गुंडाळली आणि ओटीवर सोडला. कोणी काही बोललं नाही. भोवरा उभा राहिला, घुमत राहिला. शेवटी वेग उतरला तसा त्याने मोठाले हेलकावे घेतले आणि आडवा झाला. काकांनी सांगितलं की आर बरोबर मध्यावर बसली आहे की नाही, ते या शेवटच्या फेऱ्यांमध्ये कळतं. बाजूला गेलेली असेल तर भोवरा खूप आधीपासूनच थरथरायला लागतो.

म्हणजे आम्ही कापला होता तो त्यांच्या कामाचा दाखला.

(टाइमलाइन. एक शॉट लांबत जातो.)

मूळ शॉट 47 सेकंदांचा होता, तो अख्खा परत घेतला. 14 मिनिटांची मर्यादा होतीच, मग 43 सेकंद काढायचे कुठून? माझ्या निवेदनातून. "हरवलेलं बालपण" गेलं. "मातीशी नातं" गेलं. खूप मन लावून लिहिली होती ती वाक्यं. ती गेल्यावर फिल्म मोकळा श्वास घ्यायला लागली, हे मला कबूल करायलाच हवं.

सबटायटलचा वाद आठवडाभर चालला. मालवणीला मराठी सबटायटल द्यायचे का? मार्गदर्शक म्हणाले द्या, विदर्भातल्या माणसाला कळायचं नाही. आमच्यातला कुडाळचा मित्र पेटून उठला. म्हणाला, आम्ही तुमची सगळ्यांची मराठी ऐकतोच ना? शेवटी इंग्रजी सबटायटल दिले, मराठी दिले नाहीत. विदर्भातल्या मैत्रिणीला दाखवली, तिला "कित्याक" पहिल्यांदा अडलं, दुसऱ्यांदा नाही.

(मोबाइलचा उभा पडदा. रील.)

फिल्म झाली. आता ती लोकांपर्यंत न्यायची.

पहिली रील मी घाईत केली. आडवं चित्र उभ्या चौकटीत कापताना लेथ आणि माणूस दोन्ही मावत नाहीत, म्हणून सुरकुतलेला चेहरा ठेवला, खाली उदास सूर आणि वर ओळ: "शेवटचा श्वास घेणारी कला". लोकांनी ती भराभर पुढे पाठवली. हळहळले, हात जोडलेली चिन्हं आली.

संध्याकाळी काकांच्या सुनेचा व्हॉइस मेसेज आला. फळांना रंग द्यायचं काम त्यांचं. मागे वाटीत ब्रश ढवळल्याचा आवाज येत होता. "मी हंय रंग देतंय, आणि तू लिवतंस कला मराक लागली म्हणान?"

चतुर्थीच्या ऑर्डरी त्यांच्या डोक्यावर होत्या. दिवसभर बसून रंग देणाऱ्या बाईच्या कामाला मी मरणाची ओळ लावली होती, कारण ती ओळ लवकर पसरते. रील काढून टाकली. त्यांची माफी मागितली.

(लाकडी आंबा, रंग न दिलेला, पांढुरका. शेजारी अर्धा रंगवलेला.)

दुसरी रील ही. चेहरा नाही, संगीत नाही. एक कोरा आंबा आणि त्यांचा हात. आधी पिवळा, मग देठाकडे हिरवट, मग एका गालावर बोटाने पसरलेली लाली. शेवटी देठाजवळ चिकाचा एक ठिपका. तो ठिपका पडला की बघणाऱ्याच्या नाकाला आंब्याचा वास येतो, मला तरी येतो. खाली लिहिलं: चितार आळी, सावंतवाडी. ही पहिलीपेक्षा कमी लोकांनी पाहिली. पण खाली प्रश्न आले, "कुठे मिळेल?", "माटवीला (गणपतीवर फळं-पानं बांधायच्या चौकटीला) बांधायला हवीत, पाठवाल का?" काकांच्या घरच्यांना विचारून त्यांच्या दुकानाचा नंबर दिला.

पोस्टरवरही तोच कोरा आंबा आहे. एका शॉटमध्ये आळीतली लहान मुलगी होती, पोस्टरला फार छान दिसत होती. तिच्या आईने नको म्हटलं. पोस्टरवरून काढली, फिल्ममधूनही काढली.

महोत्सवांचं एक सांगते, कारण आमच्यासारखी बरीच मुलं इथे चुकतात. काही महोत्सवांना आधीच इंटरनेटवर टाकलेली फिल्म चालत नाही. नियम वाचल्याशिवाय यूट्यूबवर चढवू नका. आपल्याकडे मुंबईला 1990 पासून माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनचा आंतरराष्ट्रीय महोत्सव दर दोन वर्षांनी भरतो, केरळात तिरुवनंतपुरमलाही माहितीपट-लघुपटांचा वेगळा महोत्सव भरतो. अशा ठिकाणी पाठवायची तर फिल्म राखून ठेवावी लागते. आम्ही राखून ठेवली. फक्त एक खेळ त्याआधी केला.

(रात्र. चितार आळी. दोन खांबांना बांधलेली पांढरी चादर.)

दुकानं बंद झाल्यावर आळीतच चादर बांधली. प्रोजेक्टर उसना, स्पीकर शेजारच्या मंडळाचा. माणसं घरातल्या खुर्च्या घेऊन आली. मुलं पुढे जमिनीवर.

आंबा आला तेव्हा सुनेकडे सगळे वळून बघायला लागले, तिने पदर तोंडावर घेतला. घोड्याच्या पोटावरच्या दोन ओळी कोणीतरी मोठ्याने वाचल्या.

मग भोवरा आला. मला धडधडत होतं. 5 सेकंद. 10 सेकंद. पुढची मुलं मोजायला लागली. तिशीपर्यंत ओरडून मोजत होती, मग आवाज आपोआप उतरत गेले, चाळिशीला नुसते ओठ हलत होते. चादरीवर भोवऱ्याने पहिला हेलकावा घेतला, दुसरा घेतला.

आडवा झाला आणि घरंगळत चौकटीबाहेर गेला.

पुढच्या रांगेतलं एक पोर उठलं आणि चादरीमागे जाऊन त्याला शोधायला लागलं. काकांनी खिशातून जाळी काढली आणि त्याला हाक मारली.