मोरीच्या पलीकडे

श्रोते हो, नमस्कार.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगते. आमच्या स्वयंपाकघरातला नळ महिनाभर टप टप वाजत होता. 'प्लंबरला सांगायला हवं' हे वाक्य आमच्या घरात रोज कुणी ना कुणी म्हणायचं आणि प्रत्येकाला वाटायचं की ते दुसऱ्या कुणासाठी आहे. एका रात्री झोप येईना, तेव्हा तो आवाज फारच डोक्यात जायला लागला. आवाज बंद व्हावा म्हणून नळाखाली फडकं बांधलं. काय हा आळस! सकाळी स्वतःचीच लाज वाटली. मग दुसऱ्या रात्री मुद्दाम दहा वाजता नळाखाली चार लिटरचं पातेलं ठेवलं. सकाळी सहाला उठून बघते, तर काठोकाठ. आठ तासांत चार लिटर. म्हणजे दिवसाला बारा, महिन्याला ३६० लिटर. वॉशर बदलायला प्लंबरला दहा मिनिटं लागली, आणि वॉशरपेक्षा त्याच्या चहाचा खर्च जास्त झाला.

ते पाणी आपल्या नाशिकला येतं ते मुख्यतः गंगापूर धरणातून. या धरणाची क्षमता ५६३० दशलक्ष घनफूट. आकडा मोठा वाटतो, पण मेअखेरीस धरणावर चक्कर मारा; काठाची भेगाळलेली माती बघितली की तो आकडा लहान व्हायला लागतो. शिवाय ते पाणी आपल्या गच्चीवरच्या टाकीत आपोआप चढत नाही. त्याला पंप लागतो, पंपाला वीज लागते आणि वीज कुठून येते हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको. नाशिकरोडच्या पुढे एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या धुराड्यांच्या चिमण्या लांबून दिसतात. तिथे २१० मेगावॉटचे तीन संच कोळशावर चालतात. घरात विनाकारण फिरणारा पंखा बघितला की मला हल्ली त्या चिमण्या आठवतात.

पाण्याचं निघालंच आहे तर आरओबद्दल, म्हणजे पाण्यातले क्षार काढणाऱ्या यंत्राबद्दल बोलते. हे यंत्र एक लिटर शुद्ध पाणी देताना दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडतं. ज्या बोअरवेलचं पाणी खारट आहे, तिथे त्याचा उपयोग आहे, याबद्दल वाद नाही. पण धरणातून येणाऱ्या, मुळातच कमी क्षारांच्या पाण्याला ते कशासाठी? २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने सांगितलं होतं की, पाण्यात लिटरमागे ५०० मिलीग्रॅमपेक्षा कमी क्षार असतील, तिथे आरओवर बंदी घालावी. क्षार मोजायचं छोटं पेनासारखं टीडीएस मीटर बाजारात मिळतं. आमच्या सोसायटीत आम्ही वर्गणी काढून एकच घेतलं आणि घरोघरी फिरवलं. नंतर तिघांनी आरओ काढून साधा फिल्टर लावला. ज्यांच्याकडे अजून आरओ आहे, त्यांना निदान ते सांडपाणी बादलीत धरायला सांगते. फरशी पुसायला, संडासात ओतायला उत्तम.

आता मूळ मुद्द्यावर येते. नळ कुठून येतो याचा विचार आपण कधी तरी करतो. मोरी कुठे जाते, याचा सहसा करत नाही. आपल्या दृष्टीने भांड्यांचं पाणी जाळीतून खाली गेलं की ते 'गेलं'. पण कुठे गेलं?

ते पाइपातून तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक अशा मलनिस्सारण केंद्रांकडे जातं. जे तिथपर्यंत पोहोचत नाही, ते नासर्डी किंवा वालदेवीमार्गे परस्पर गोदावरीत येतं. केंद्रात पाणी बरंच साफ होतं, पण त्यातलं नत्र आणि फॉस्फेट सगळं निघत नाही. आणि हे नत्र-फॉस्फेट म्हणजे पाणवेलींना मिळालेलं आयतं खत. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली. आपल्या नदीत ती का फोफावते, असं आपण विचारतो आणि महापालिकेला नावं ठेवतो. ती ठेवावीत, पण त्या पाणवेलीला खाऊ घालणाऱ्यांत आपणही आहोत. पाणवेलींचा गालिचा पसरला की खाली ऊन पोहोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे मरतात आणि डासांची चंगळ होते.

हे पाणी पुढे जातं निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात त्या नांदूरमधमेश्वरला. २०२० मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ जागा म्हणून त्याला मान मिळाला. हिवाळ्यात तिथे थापट्या, तलवार बदक, चक्रवाक येतात. आपण दुर्बीण घेऊन ते बघायला जातो, फोटो काढतो, आणि ते पक्षी ज्या पाण्यात पोहत असतात त्यात आपल्याच मोरीतलं पाणी मिसळलेलं असतं. आणखी पुढे जायकवाडी. तिथून छत्रपती संभाजीनगर पाणी पितं. दर वर्षी 'जायकवाडीला पाणी सोडायचं की नाही' यावर आपण हिरिरीने भांडतो. किती सोडायचं यावर भांडतो, कसलं सोडतो यावर मात्र कुणी बोलत नाही. गोदावरी १४६५ किलोमीटर वाहते आणि तिच्यावरचं पहिलं मोठं शहर आपलं आहे. म्हणजे वरच्या मजल्यावर आपण राहतो. खालच्या मजल्यावाल्यांच्या डोक्यावर पाणी ओतायचं नाही, एवढं तर आपल्याला सोसायटीतही कळतं.

म्हणून सवयी बदलायला मी मोरीपासून सुरुवात केली. कपड्यांना पावडर जाहिरातीत दाखवतात तेवढी लागत नाही. मी निम्म्यावर आले, कपड्यांना कळलंही नाही. फेस म्हणजे स्वच्छता, ही आपली समजूत फार चिवट आहे. भज्यांचं उरलेलं तेल मोरीत ओतायचं नाही. गार करून बाटलीत भरायचं, कढई आधी रद्दीच्या कागदाने पुसायची आणि मगच घासायची. तेल पाइपात थिजून बसलं की पुढे ड्रेनेज तुंबतं, आणि मग चेंबर उघडणाऱ्या माणसाच्या नाकाला काय होतं ते आपण गॅलरीतून नाक धरून बघतो. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी कुंड्यांना. हे आमच्या आजीला कुणी शिकवलं नव्हतं आणि मला पन्नाशीत शिकावं लागलं.

ओल्या कचऱ्याचं सांगायला हवं, कारण तिथे माझी चांगलीच फजिती झाली. उत्साहाच्या भरात मी झाकणाची प्लॅस्टिकची बादली आणली आणि भाजीचे देठ, फळांच्या साली, उरलेला भात, सगळं भरत गेले. आठवड्याने झाकण उघडलं. त्या वासाचं वर्णन रेडिओवर करत नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या आणि म्हणाल्या, "अगं, उंदीर मेलाय का बघ कुठे." चूक साधी होती. हवा नव्हती आणि कोरडं काही नव्हतं. मग सर्व बाजूंनी भोकं असलेलं भाजीचं क्रेट आणलं, आतून जुन्या चादरीचं अस्तर लावलं. ओल्या कचऱ्याचा एक थर, त्यावर वाळल्या पानांचा जाड थर, मधूनमधून आंबट ताकाचा शिडकावा. वास आला की पाणी जास्त झालं, पानं वाढवायची. महिनाभर काहीच होत नाही असं वाटतं. दीड-दोन महिन्यांनी तळाशी काळी, पावसाच्या मातीसारख्या वासाची पूड दिसते. पहिल्यांदा दिसली तेव्हा मी ती ओंजळीत घेऊन काकूंनाच दाखवायला गेले.

वाळल्या पानांसाठी काही करावं लागलं नाही. कॉलेज रोडला काय, इंदिरानगरला काय, सकाळी झाडलोट झाली की पाचोळ्याचा ढीग करून काडी लावायची पद्धत आहे. थंडीत तो धूर खालीच साचून राहतो आणि आपल्यातले दमेकरी खोकतात. आमच्या वॉचमनदादांना सांगितलं, जाळू नका, पोत्यात भरून मला द्या. आता ते दर शनिवारी दारात पोतं ठेवतात.

आता मिसळ. नाशिककर रविवारी मिसळ आणतो, यावर मी बोलायचं नाही म्हटलं तरी बोलणार. उकळता रस्सा पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून देतात. राज्यात २०१८ पासून अशा पिशव्यांवर बंदी आहे, तरी त्या मिळतातच. तेल, तिखट आणि उकळता रस्सा प्लॅस्टिकमध्ये, हे मला आरोग्याच्या दृष्टीनेही बरं वाटत नाही. आम्ही जुनी दुधाची किटली काढली. पहिल्या रविवारी काउंटरवरचा मुलगा बावरला, "ताई, यात किती प्लेटचं घालू?" आता तो किटली बघूनच रस्सा घालतो आणि वर एक पळी जास्त.

विजेचं थोडक्यात. जुना पंखा पाऊणशे वॉट खातो, नवा, कमी विजेवर चालणारा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. बारा तास चालणाऱ्या पंख्यामागे रोज सुमारे अर्धं युनिट वाचतं. सगळे एकदम बदलू नका. बेडरूममधला, जो रात्रभर चालतो, तो आधी. आणि टीव्हीचा डबा, म्हणजे सेट-टॉप बॉक्स, भिंतीवरच्या बटनाने बंद करा. दहा वॉटचा डबा वर्षभर चालू राहिला तर ८८ युनिटं नुसती बसून खातो.

गणपती शाडूचाच असावा, हे आता बहुतेकांना पटलं आहे. प्लॅस्टर ऑफ पॅरिस नदीत महिनोन्‌महिने तसंच पडून राहतं. पण शाडू घेतला की आपण पुण्यवान झालो असं मला वाटत नाही, कारण ती मातीही कुठून तरी खोदूनच आणलेली असते. आम्ही विसर्जन घरी बादलीत करतो, माती तळाशी बसली की पाणी झाडांना, आणि माती वाळवून माळ्यावर. गेली तीन वर्षं तीच माती, त्याच हातांनी, तोच बाप्पा. थोडा बसका झालाय यंदा. निर्माल्य पिशवीत घालून पुलावरून फेकू नका. फुलं नदीला चालतील एक वेळ, पिशवी नाही. २०२७चा सिंहस्थ तोंडावर आला आहे. तेव्हा जगभरातून लोक याच पाण्यात उतरणार आहेत.

सगळं जमलं असं मात्र नाही. दुधाच्या पिशवीचं कोडं मला अजून सुटलेलं नाही. कोपरा पूर्ण कापून फेकायचा नाही, अर्धवट कापून पिशवीलाच राहू द्यायचा, एवढं करते. कारण तो नखाएवढा तुकडा कचरा वेचणारी बाईसुद्धा उचलत नाही, तो थेट गटारात जातो. पिशव्या धुऊन, वाळवून भंगारवाल्याला देते. गोठ्यावरचं सुटं दूध आणून पाहिलं, तर मे महिन्यात घरी पोहोचेपर्यंत नासलं. पहाटे पाचला उठून जाणं माझ्याच्याने होत नाही, खोटं कशाला बोलू? तुमच्यापैकी कुणाला यावर काही जमलं असेल, तर आकाशवाणीच्या पत्त्यावर जरूर कळवा. पोस्टकार्डावर लिहिलंत तर उत्तम, मागची बाजू मला हिशेबाला उपयोगी पडते.

नमस्कार.