पाटी दिसत नाही, पण का?

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकेत इंटरस्टेट हायवेलगत, म्हणजे राज्याराज्यांना जोडणाऱ्या महामार्गालगत, मोटेल किंवा दुकान चालवणाऱ्याला एक चिंता कायम छळते, ती म्हणजे आपली पाटी वेळेवर दिसेल का? ताशी ६५ मैलांनी धावणारी गाडी सेकंदाला सुमारे ९५ फूट कापते. म्हणजे पाटी ४०० फुटांवरून दिसली, तरी वाचून, ठरवून, लेन बदलून बाहेर पडायला जेमतेम चार सेकंद. साहजिकच मालकाला पाटी उंच हवी असते. गावाच्या झोनिंग नियमाने, म्हणजे कुठल्या जागेवर काय आणि केवढं उभारायचं हे ठरवणाऱ्या नियमाने मात्र उंची आणि आकार आधीच बांधून दिलेला असतो.

मग येतो व्हेरियन्स, म्हणजे नियम तसाच ठेवून एखाद्या जागेपुरती दिलेली सूट. अर्ज करायचा, शेजाऱ्यांना सूचना जाते, झोनिंग बोर्डापुढे जाहीर सुनावणी होते. आणि तिथे उभं राहून मंडळी नेमकं नको तेच बोलतात! गिऱ्हाईक कमी झालंय, पलीकडच्याची पाटी मोठी आहे, वगैरे. बोर्ड शांतपणे ऐकतं आणि बहुतेक वेळा अर्ज फेटाळतं. कारण इथे नुसता तोटा पुरत नाही, अडचण त्या जागेतच असावी लागते. प्लॉट रस्त्यापेक्षा बराच खोल आहे, मध्ये टेकाड आहे, पुलाचा कठडा आड येतो, असं काहीतरी. शिवाय ती अडचण तुम्ही स्वतः ओढवून घेतलेली नसावी. स्वतःच पुढे शेड बांधायची आणि मग पाटी झाकली म्हणून रडायचं, हे चालत नाही.

माझं मत विचाराल, तर हिशेबाच्या वह्या घरीच ठेवा. ड्रायव्हरच्या नजरेच्या उंचीवरून, वेगवेगळ्या अंतरांवरून काढलेले फोटो न्या. काही ठिकाणी तर मागितलेल्या उंचीवर क्रेनने झेंडा धरून दाखवतात. आणि मागणी गरजेपुरतीच ठेवा. ४० फुटांत दिसत असेल, तर ७० मागणाऱ्याकडे बोर्ड संशयानेच बघतं.

आणखी एक. पाटी तुमच्याच जागेवर, तुमच्याच धंद्याची असेल, तर गोष्ट वेगळी. दुसऱ्याच्या शेतात जाहिरातीचा फलक उभारायचा असेल, तर १९६५ चा हायवे ब्युटिफिकेशन कायदा आडवा येतो. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या पत्नी लेडी बर्ड यांनी त्याचा ध्यासच घेतला होता. इंटरस्टेटच्या हद्दीपासून ६६० फुटांच्या आतल्या फलकांवर त्याने नियंत्रण आणलं. राज्याने ढिलाई केली, तर केंद्राकडून मिळणाऱ्या महामार्ग निधीला १० टक्के कात्री लागू शकते. त्यामुळे गावाने सूट दिली, तरी राज्याची परवानगी वेगळी काढावी लागते. व्हरमाँट, मेन, हवाई आणि अलास्कात तर असे फलक लावायलाच बंदी आहे.

अर्ज भरण्याआधी राज्याच्या परिवहन खात्यात एक चौकशी जरूर करा. एक्झिटच्या अलीकडे पेट्रोल, जेवण, मुक्काम अशा निळ्या पाट्या असतात ना, त्यांवर फी भरून आपलं बोधचिन्ह लावता येतं. त्यासाठी व्हेरियन्स लागत नाही.