अंडाशयातली गाठ: थांबायचं की काढायचं?

नमस्कार श्रोतेहो.

सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात येतो आणि त्यात लिहिलेलं असतं, उजव्या अंडाशयात सिस्ट, 4.2 सेंटिमीटर. डॉक्टरांची वेळ परवाची. मधल्या दोन दिवसांत घरातले, शेजारचे आणि मोबाईल मिळून त्या आकड्याचा अर्थ लावतात. कुणी म्हणतं, काढूनच टाक, डोक्याला ताप नको. कुणी म्हणतं, ऑपरेशन कशाला, अमक्याचा काढा घे, विरघळेल.

थांबायचं की काढायचं, हे तीन गोष्टींवर ठरतं. गाठ दिसते कशी? गाठ केवढी? आणि पाळी चालू आहे की गेली? परत सांगते. दिसते कशी, केवढी, पाळी चालू की गेली. नुसत्या सेंटिमीटरवर निर्णय होत नाही.

आज आपण ‘थांबून बघू’ म्हणू शकतो. ही सोय नव्हती तेव्हाची एक गोष्ट सांगते.

साल 1809, डिसेंबर महिना. अमेरिकेतलं केंटकी राज्य, त्या काळी नुकतंच वसत असलेलं. तिथे जेन टॉड क्रॉफर्ड नावाच्या बाई राहायच्या. वय पंचेचाळीसच्या पुढे. त्यांचं पोट वाढत चाललं होतं आणि सगळे धरून चालले होते की दिवस गेलेत. दिवस भरले, वर गेले, कळांसारखं दुखायला लागलं, पण बाळंतपण होईना. जवळच्या दोन डॉक्टरांनी हात टेकले आणि डॅनव्हिल गावच्या डॉ. एफ्रेम मॅक्डॉवेल यांना मदतीला बोलावलं.

डॉक्टरांनी जेनबाईंना आतून तपासलं. गर्भाशयात काहीच नव्हतं. पोटातला गोळा मात्र हाताने एका बाजूला सहज सरकत होता. तेवढ्यावरून त्यांनी ओळखलं की हे मूल नाही, ही अंडाशयाची गाठ आहे. सोनोग्राफी नाही, एक्स-रे नाही, नुसत्या हाताने केलेलं निदान. आणि म्हणून मला आग्रहाने सांगावंसं वाटतं, की पोटाला हात न लावता नुसता कागद वाचून कुणी ऑपरेशनची तारीख देत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

तर मॅक्डॉवेलनी जेनबाईंना सगळं खरं सांगितलं. गाठ जिवावरची आहे. एवढी मोठी गाठ काढलेली मी कधी पाहिली नाही, असं ऑपरेशन कुणी यशस्वी केल्याचं ऐकलेलंही नाही. हा प्रयोग असेल. तुमची तयारी असेल तर डॅनव्हिलला या, मी करीन.

जेनबाई निघाल्या. साठ मैल, म्हणजे शंभर किलोमीटरच्या आसपास. डिसेंबरची थंडी, आणि प्रवास घोड्यावरून. गाठ इतकी मोठी की ती खोगिराच्या पुढच्या उंचवट्यावर टेकायची. डॅनव्हिलला पोहोचेपर्यंत पोटाला तिथे चांगलाच मुका मार बसला होता. ही बारीक नोंद डॉक्टरांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

भूल नव्हती. ईथरची भूल जगासमोर आली 1846 साली. जंतू मारून ऑपरेशन करण्याची लिस्टर यांची पद्धत आली 1867 साली. म्हणजे जेनबाई पूर्ण शुद्धीत टेबलावर झोपल्या. त्या वेळी त्या देवाची स्तोत्रं म्हणत होत्या, असं सांगतात. मॅक्डॉवेलनी डाव्या बाजूला सुमारे नऊ इंचांचा छेद घेतला. गाठ अख्खी बाहेर निघेना. म्हणून त्यांनी आधी गर्भाशयाजवळ गर्भनलिकेभोवती दोरा घट्ट बांधला, मग गाठ उघडली. आतून पंधरा पौंड चिकट, जेलीसारखा पदार्थ निघाला. मग नुसती पिशवी कापून काढली, ती साडेसात पौंडांची. एकूण साडेबावीस पौंड, म्हणजे 10 किलोच्या वर! पोट गाठीने इतकं भरलं होतं की छेद घेतल्याबरोबर आतडी बाहेर टेबलावर आली आणि ऑपरेशन संपेपर्यंत आत बसवता आली नाहीत. सगळं झालं सुमारे पंचवीस मिनिटांत. मग बाईंना डाव्या कुशीवर वळवून आतलं रक्त वाहून जाऊ दिलं, टाके घातले, आणि बांधलेल्या दोऱ्याचं टोक जखमेच्या खालच्या कडेतून बाहेर ठेवलं.

पाचव्या दिवशी डॉक्टर बघायला गेले, तर जेनबाई आपलं अंथरूण आवरत होत्या! डॉक्टरांनी त्यांना बजावलं, आता असं करू नका. पंचवीस दिवसांनी त्या ठणठणीत होऊन घरी परतल्या. डॉ. मॅक्डॉवेल 1830 मध्ये गेले. जेनबाई 1842 पर्यंत, वयाच्या 78 व्या वर्षापर्यंत जगल्या. अमेरिकेच्या संसद भवनातल्या संग्रहात मॅक्डॉवेल यांचा पुतळा आहे. माझं स्पष्ट मत आहे, त्याच्या शेजारी जेनबाईंचाही हवा. डॉक्टरांचं कौशल्य पणाला लागलं होतं, जेनबाईंचा जीव.

जेनबाईंना थांबणं शक्य नव्हतं. आत काय आहे ते दिसत नव्हतं आणि गाठ वाढतच होती. आज सोनोग्राफीत गाठीची भिंत, आतलं पाणी, रक्तप्रवाह, सगळं दिसतं. म्हणूनच बहुतेक गाठींना हात लावावा लागत नाही.

पाळी चालू असलेल्या बाईत दर महिन्याला बीज पाण्याच्या छोट्या पिशवीत वाढतं. ती पिशवी अडीच सेंटिमीटरपर्यंत होतेच. 3 सेंटिमीटरपर्यंत तिला आजार म्हणतच नाहीत. कधी ती फुटत नाही आणि वाढत राहते. भिंत पातळ, आत स्वच्छ पाणी, एकच कप्पा, ही साधी गाठ. बहुतेक वेळा दोन-तीन पाळ्यांत जिरते. ब्रिटनमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या कॉलेजचा सल्ला असा, की पाळी चालू असताना साधी गाठ 5 सेंटिमीटरच्या आत असेल तर पाठपुरावाही नको. 5 ते 7 असेल तर वर्षातून एकदा सोनोग्राफी. 7 च्या वर असेल तर एमआरआय किंवा ऑपरेशनचा विचार. आपल्याकडे डॉक्टर बहुधा सहा ते बारा आठवड्यांनी परत बघतात, तेही ठीक आहे. फक्त ती सोनोग्राफी पाळीच्या पाचव्या ते दहाव्या दिवसांत करा. पाळीच्या आधीच्या पंधरवड्यात केलीत तर नवीन बीजाची पिशवी दिसते आणि जुनी गाठ गेलीच नाही असं वाटतं. आधीचा रिपोर्ट बरोबर न्या.

गाठ विरघळवायला गर्भनिरोधक गोळ्या देतात. त्यांनी आहे ती गाठ लवकर जात नाही, हे अभ्यासांतून दिसलं आहे. आणि पीसीओडी म्हणजे ही गाठ नव्हे. त्यात मिलिमीटरमधल्या बारीक बारीक बीजपिशव्या दिसतात, त्या काढायच्या नसतात.

काळजी कशाची? आत घट्ट मांसल भाग, जाड पडदे आणि अनेक कप्पे, दोन्ही बाजूंना गाठी, पोटात पाणी. अशा वेळी सीए-125 ही रक्ताची तपासणी करतात. 35 पर्यंत नॉर्मल. पण ती पाळीच्या दिवसांत वाढते, फायब्रॉइडमध्ये, म्हणजे गर्भाशयाच्या साध्या गाठीत वाढते, एंडोमेट्रिओसिसमध्ये, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो त्या आजारात वाढते, आणि पोटाच्या टीबीतही वाढते. आपल्याकडे टीबी भरपूर आहे, हे विसरू नका. म्हणून हा आकडा एकटा वाचायचा नाही, त्याचा गुणाकार करतात. सोनोग्राफीत काळजीचं एकही लक्षण नसेल तर 0, एक असेल तर 1, दोन किंवा जास्त असतील तर 3. पाळी चालू असेल तर 1, गेली असेल तर 3. या दोन्ही आकड्यांनी सीए-125 ला गुणायचं. समजा सीए-125 आहे 40. पाळी गेलेली, दोन लक्षणं: 3 गुणिले 3 गुणिले 40, म्हणजे 360. 200 च्या वर गेलं की कॅन्सरच्या स्त्रीरोग सर्जनकडेच जायचं. तोच 40, पण पाळी चालू आणि गाठ साधी: उत्तर शून्य. दिसते कशी, केवढी, पाळी चालू की गेली, असं मी मघाशी म्हटलं ते यासाठी. पाळी गेलेल्या बाईतही गाठ साधी, एका बाजूला, 5 सेंटिमीटरच्या आत आणि सीए-125 नॉर्मल असेल, तर चार ते सहा महिन्यांनी परत बघतात. वर्षभर तशीच राहिली तर सोडून देतात.

काहीही त्रास नसताना पॅकेजमध्ये येते म्हणून पोटाची सोनोग्राफी आणि सीए-125 करून घेऊ नका. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर याचा मोठा अभ्यास झाला. 2021 मध्ये निकाल आला, की अशा तपासण्यांनी अंडाशयाच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत.

डरमॉइड, म्हणजे आत चरबी, केस, कधी दातसुद्धा असलेली गाठ, आपोआप जिरत नाही. पण वाढते वर्षाला एक-दोन मिलिमीटर, त्यामुळे लहान असेल तर थांबता येतं. चॉकलेट सिस्ट, म्हणजे एंडोमेट्रिओसिसमुळे झालेली, जुन्या रक्ताने भरलेली गाठ, काढताना अंडाशयाचा चांगला भागही थोडा जातो. मूल हवं असेल तर आधी एएमएच, म्हणजे अंडाशयात बीजं किती उरलीत याचा अंदाज देणारी रक्ताची तपासणी, करा आणि मगच ठरवा.

ऑपरेशन ठरलंच, तर सही करण्याआधी विचारा: नुसती गाठ काढणार की अंडाशयही? गाठ पिशवीत घालून बाहेर काढणार ना? आतलं पाणी पोटात सांडू नये म्हणून ती पिशवी लागते. नुसतं सुईने पाणी काढलं तर गाठ बरेचदा परत भरते. आणि गाठ अंडाशयात असताना कुणी ‘गर्भाशयाची पिशवीपण काढून टाकू’ म्हणालं, तर कारण विचारा, लेखी मागा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याबद्दल 2019 मध्ये सरकारला समिती नेमावी लागली, हे आपल्याच राज्यात घडलं आहे.

आता एक गोष्ट अशी, जिथे थांबायचंच नाही. गाठीच्या वजनाने अंडाशयाला पीळ पडतो. ओटीपोटात एका बाजूला अचानक जोराची कळ येते आणि उलट्या होतात. कळ मध्येच थांबून परत येऊ शकते, म्हणून थांबली तरी घरी बसू नका. सोनोग्राफीत रक्तप्रवाह दिसला तरी पीळ नाही असं म्हणता येत नाही. वेळेत पीळ सोडवला तर काळंनिळं पडलेलं अंडाशयसुद्धा पुष्कळदा वाचतं, म्हणून रात्र असली तरी सकाळची वाट बघू नका. दुखण्याची गोळी घेऊन झोपू नका. जुने रिपोर्ट घ्या, निघा, आणि जाताना काही खाऊ-पिऊ नका, चहासुद्धा नाही, कारण भूल द्यायला पोट रिकामं लागतं.

नमस्कार.