टाके न घातलेली गोधडी

पत्रिकेवर विषय छापलाय 'भूकंपानंतरची घरं आणि कार्यकर्त्याची भटकंती'. भटकंतीकडे येतोच, पण त्याआधी पाच मिनिटं मला भिंतीवर बोलू द्या. घड्याळ अध्यक्षांकडे आहे, त्यामुळे काळजी त्यांनी करायची.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जनं उरकून गावं नुकती निजलेली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी ही नावं इथे कुणाला नव्याने सांगायला नकोत. भूकंप 6.2 तीव्रतेचा. जगाच्या मानाने मध्यम, आणि माणसं गेली आठ हजारांच्या घरात. एवढी का गेली, असं औसा-उमरगा भागात विचारलंत तर आजही एकच उत्तर मिळतं: दगडाने मारलं. माझं भांडण आहे ते या वाक्याशी. दगड बिचारा जिथे ठेवला तिथे बसला होता. ठेवणाऱ्याने त्याला शेजाऱ्याशी बांधलं नव्हतं.

तिथली जुनी भिंत आठवून पाहा. अडीच-तीन फूट जाड, काही वाड्यांत त्याहूनही जास्त. बाहेरून घडीव दगडाचा दर्शनी थर, आतून दुसरा थर, आणि मधल्या पोकळीत कपच्या, गोटे आणि पांढरीची, म्हणजे गावठाणातली पांढुरकी माती. म्हणजे दिसायला एक भिंत, असायला दोन, आणि दोघींचं एकमेकींशी बोलणं नाही. आपल्या आज्या गोधडी शिवायच्या. वर एक लुगडं, खाली एक लुगडं, मध्ये चिंध्या. टाके घातले म्हणून ती गोधडी, नाहीतर नुसता चिंध्यांचा ढीग. मराठवाड्याने गोधडीला बोटाच्या पेरापेरावर टाका घातला आणि भिंतीला एकही घातला नाही. जमीन हलली की मधली भर खाली बसते आणि पाचरीसारखी दोन्ही थरांना ढकलते. भिंतीला पोट सुटतं आणि बाहेरचा थर गल्लीत, आतला अंथरुणावर. लाकडी खणांचा सांगाडा कित्येक घरांत उभाच राहिला होता, हे मुद्दाम लक्षात ठेवा. लाकडाने आपलं काम केलं होतं.

नव्या भिंतीला यावर उपाय म्हणजे आरपार दगड. भिंतीच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत पोचणारा एकच लांब दगड. भारतीय मानकाचा हिशेब सोपा आहे: दर दोन फूट उंचीला एक ओळ, ओळीत चार फुटांच्या आत एक दगड, आणि भिंतीची जाडी दीड फुटाच्या वर नाही. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत हा आपला लाडका गैरसमज. जाडी वाढली की आरपार जाईल एवढा दगड मिळत नाही, गवंडी मग मधे भर घालतो, आणि आलो आपण परत पोटाकडे.

पण उभ्या भिंतीचं काय? तिला मागाहून टाका घालता येतो. इंग्रजीत स्टिचिंग म्हणतात, म्हणजे गोधडी त्यांनाही पटलेली दिसते. भिंतीवर साधारण एक-एक मीटरवर गेरूने खुणा करायच्या, वरच्या ओळीतल्या खुणा खालच्या ओळीपेक्षा अर्धा मीटर सरकवून. आतली आणि बाहेरची खूण समोरासमोर यायला हवी, म्हणून दोन्हीकडची मापं एकाच दाराच्या चौकटीपासून घ्या. खुणेवरचा गिलावा काढायचा, दगडाभोवतीची माती कोरायची आणि दगड पहारीच्या टोकाने डावीकडे-उजवीकडे, वर-खाली हलवत सैल करायचा. घण घालायचा नाही! घणाने एक दगड निघतो आणि दहा हलतात. आरपार तीन इंची भोक, दोन्ही तोंडांशी थोडं रुंद, डमरूसारखं. भोक पाण्याने ओलं करा, नाहीतर कोरडी माती काँक्रीटमधलं पाणी शोषून घेते. मग 1:2:4 चं (सिमेंट, वाळू, खडी) बारीक खडीचं काँक्रीट अर्ध्यापर्यंत भरायचं, त्यावर दोन्ही टोकांना आकडे वळवलेली 8 मिलिमीटरची सळई (गवंडी तिला अडीच सूत म्हणतो, तुम्हीही म्हणा, नाहीतर दुकानदार पुण्याचा साहेब समजून भाव वाढवतो), आणि मग वरून भोक पूर्ण भरायचं. आकडा उघडा राहता कामा नये, इंचभर काँक्रीट त्याच्यावर हवंच. पुढे दहा दिवस ओलं गोणपाट.

चुका कुठे होतात? सगळी भोकं एका दिवसात पाडली की भिंतीची चाळण होते. दोन-चार पाडा, भरा, मग पुढची. एकाच बाजूने काँक्रीट कोंबलं की मधे पोकळी राहते, म्हणून भरायला दोन्ही बाजूंना माणूस हवा. आणि मजुरी टाक्यांच्या आकड्यावर ठरली की खोटे टाके येतात: बाहेरून सिमेंटचा गोल ठिपका, आत काही नाही. त्यामुळे तपासणी भरण्याआधी. एका तोंडातून बॅटरी दाखवा, दुसऱ्या तोंडाला उजेड दिसला तरच पुढचं घमेलं उचलू द्या.

आता खर्च ऐका, माझा खरा राग इथे आहे. दहा बाय दहाच्या खोलीला तीसेक टाके. एका टाक्याला दीड किलोच्या आसपास सिमेंट, म्हणजे अख्ख्या खोलीला एक गोणी! सळई दहा-अकरा किलो. एवढ्यावर माणसं वाचतात. तरीही घरबळकटीचं अनुदान हातात आल्यावर बहुतेकांनी जुन्या भिंतीला हात न लावता शेजारी सिमेंटची नवी खोली बांधली. त्यांना दोष देत नाही. नवी खोली पाहुण्यांना दाखवता येते, टाका गिलाव्याखाली जातो. त्यात 'दगड मारतो' हे आपणच सगळ्यांनी इतक्यांदा म्हटलेलं.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. तर, भटकंती. घाईत सांगतो.

कार्यकर्त्याचा दिवस शेताच्या वेळापत्रकाने चालतो. माणसं शेतावर निघायच्या आधी गावात पोचा, नाहीतर कुलपं मोजून परत या. मुक्कामाची एसटी त्यासाठीच असते. पिशवीत ओळंबा, टेप, गेरू, बॅटरी, आणि तीन इंची पाइपाचा तुकडा. तो भोकात घालून पाहिला की वाद मिटतो. छपराला हात घालायचा तो मृग लागायच्या आत. पाण्याची टंचाई नेमकी त्याच दिवसांत, म्हणून गोणपाट कोण भिजवणार ते काम सुरू व्हायच्या आधी ठरवा.

ते बहुतेक बायकाच ठरवतात. लातूर आणि उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) गावांमध्ये स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने 'संवाद सहायक', म्हणजे गाव आणि सरकार यांच्यातला दुवा म्हणून बायका उभ्या केल्या, आणि 2001 साली कच्छ हादरल्यावर इथल्या बायका तिथे अनुभव सांगायला गेल्या. खरी भटकंती त्यांची. 2015 साली नेपाळमध्येही डोंगरातली घरं दगड-मातीचीच होती, आणि आजार तोच.

52 गावं नव्या जागी हलवली, त्यांच्या सरळ रस्त्यांवर आणि गोठ्याविना आखलेल्या प्लॉटांवर बोलायचं होतं, ते राहिलं.

माळवदाचं, म्हणजे लाकडावर माती पसरलेल्या सपाट छताचं मात्र राहू देत नाही. दोन फूट मातीचं माळवद एका खोलीवर नऊ टन भरतं. ती माती वीतभर ठेवा, खाली प्लास्टिकचा कागद घाला, बाकीची उतरवा. साधारण दोन ट्रॉल्या निघतात. उतरवताना दोन्ही बाजूंनी सारखी काढा, एकाच टोकाचा भार गेला की सर, म्हणजे छताची मोठी तुळई, सरकतो. आणि ती माती भिंतीच्या बुडाशी लोटू नका. पावसाचं पाणी तिथे मुरतं आणि खालचे दोन थर भुसभुशीत होतात, म्हणून ट्रॉली गावाबाहेरच रिकामी करायची.